गाडी गार होत नाही

३ एप्रिल, सोमवार

पहिल्याच दिवशी नाक कापलं गेलं. हॉटेलच्या मागच्या दाराशी गाडी लावली, सहा खोकी उतरवली, तर तिथल्या बाईंनी एक उघडून केकच्या कडेवर बोट टेकवलं आणि ते पेरभर आत गेलं. "आज चालवून घेते," म्हणाल्या आणि बोट रुमालाला पुसलं. ज्या पद्धतीने पुसलं ते मला बघवेना.

कोल्ड स्टोरेजमध्ये अठ्ठावीस वर्षं मी रोज तापमानाची वही लिहिली. मालकाने जागा विकली, वही गेली, नोकरी गेली. हाताला सवय आहे म्हणून ही डायरी.

तर परिस्थिती अशी. ही घरी केक करते. आजवर ओळखीपाळखीत करायची, आता हॉटेलने महिनाभर पारखून बघायचं ठरवलंय. रविवार सोडून रोज दुपारी तीनला ताज्या क्रीमचे सहा केक. महिना धड गेला तर पुढे वर्षभराचं काम. लेकीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे आणि मी तीन महिने घरी बसलोय, म्हणजे घर आता या सहा केकांवर उभं आहे. हे लिहितानासुद्धा लाज वाटते.

पोचवायचं काम माझं. "मी नेते ना, मला येतं चालवायला," असं ही म्हणाली होती. येतं म्हणे. लायसन्स आहे, पण सगळा वेळ पाय क्लचवर. मी नाही म्हटलं.

वासाचं काय सांगू. पहाटेपासून लोणी, साखर, व्हॅनिला. उशीच्या अभ्र्यालासुद्धा तोच वास. गाडीत खोकी ठेवली की उरलासुरला जीवही नकोसा होतो. एसीशेजारी एक बटण आहे, त्यावर गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण. ते दाबलं की गाडीतलीच हवा गाडीत फिरत राहते. मी बसल्याबसल्या आधी ते बंद करतो आणि बाहेरची हवा आत घेतो. चाळीस मिनिटं तोच तो वास नाकात कोंबून घेणं मला जमणार नाही.

बाहेर एकेचाळीस होतं. एसी शेवटच्या आकड्यावर. माझा जुना थर्मामीटर एसीच्या झरोक्याशी धरला तर अठरा. आठ यायला हवं. एसी बिघडलाय, यात शंका नाही.

४ एप्रिल, मंगळवार

सकाळी गाडी दाखवली. कोपऱ्यावरचा, एसीत गॅस भरणारा गॅसवाला. बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाला, "गॅस कमी." काही डॉक्टर पेशंटकडे न बघता अशक्तपणा म्हणतात, त्यातलाच प्रकार. त्याचं दुकान म्हणजे तेलाचा चिखल. त्यात कळकट फडकी, त्यात एक अर्धा खाल्लेला पाव. बसायला दिलेल्या खुर्चीवर मी बसलो नाही.

गॅस भरला. गाडीत बसून त्याने पंखा, बटणं, काय काय केलं आणि मला हात लावायला सांगितलं. थर्मामीटर धरला, सात. मी मनात म्हटलं, बरं झालं.

जाताना बघतो तर बाणाचं बटण दाबून ठेवलेलं. दुसऱ्याच्या गाडीत हात घालतात आणि वस्तू जागच्या जागी ठेवायची अक्कल नाही. बंद केलं.

दुपारी सतरा. दोन केकांची वरची फुलं घसरून बाजूला आली होती. हॉटेलच्या बाईंनी सुरीने सारखी केली.

६ एप्रिल, गुरुवार

गॅसवाल्याला जाब विचारला. म्हणाला, "साहेब, ऊनच किती आहे." नाचता येईना अंगण वाकडं.

७ एप्रिल, शुक्रवार

आता कोणावर विसंबायचं नाही. एसीची समोरची जाळी, म्हणजे ज्यातून गरमी बाहेर पडते तो कंडेन्सर, आज मी स्वतः धुतला. बंपरमागे टॉर्च मारली. मेलेले किडे थरावर थर, पंख चिकटलेले, त्यात वाळकी पानं, एक कसलंसं पीस आणि वरून तेलकट धुळीची खीर. पाणी सोडलं तर काळं पाणी माझ्याच चपलेवर आलं. दोन तास लागले. वाकलेल्या पात्या जुन्या कंगव्याने सरळ केल्या.

ही दारात येऊन बघत होती. "एवढं कशाला करताय, मेकॅनिकला द्या ना," म्हणाली. मी म्हटलं, थंडीतलं मला कळतं, मेकॅनिकला नाही. हिने हात पुसले आणि आत गेली. हिच्या हाताला कोपरापर्यंत पीठ होतं.

सोळा अंश. म्हणजे थोडा फरक पडला. सहाही केक घेतले त्यांनी, पण एका खोक्याच्या तळाला क्रीम लागलं होतं ते बाईंना दिसलंच. अशा बायकांना नेमकं तेच दिसतं.

९ एप्रिल, रविवार

आज केक नव्हते. लेकीला घेऊन साखर आणि मैदा आणायला गेलो. गाडीत बसताच तिने सरळ बाणाचं बटण दाबलं. मी तिचा हात बाजूला केला.

"बाबा, आतलीच हवा फिरू द्या ना. जीव जातोय गरमीने."

"हवा कोंडते."

"पंधरा मिनिटांत काय कोंडणारे?"

तिला काय सांगायचं. कोल्ड स्टोरेजमध्ये माझी पहिली तीन वर्षं गेली ती हेच शिकण्यात. बटाटा श्वास घेतो. बंद खोलीत ताजी हवा सोडली नाही तर वरून छान दिसतो आणि कापला की आतून काळा निघतो. एका वर्षी दुसऱ्या पाळीच्या माणसाने थंडी वाचवायला हवा सोडलीच नाही. अख्खी खोली आतून सडली. तो माल उपसताना एक हमाल आतल्या आत चक्कर येऊन पडला, त्याला मी ओढत बाहेर आणला. सडक्या बटाट्याचा तो वास ज्याने घेतलाय, तो कोंडलेल्या हवेत बसत नाही.

हे सगळं तिला सांगितलं. ती ऐकत होती, मग म्हणाली, "पण बाबा, केक श्वास घेत नाही." कॉलेजात हेच शिकवतात, उलट उत्तरं. तिने काच खाली केली आणि घरापर्यंत बाहेर बघत बसली.

१० एप्रिल, सोमवार

दुसऱ्या गॅरेजला गेलो. तिथला मिस्त्री म्हातारा, जाड चष्म्याचा, बोलायला महाग. त्याने समोरचा खण काढला, त्यामागे हात घातला आणि एक पट्टी ओढून बाहेर काढली. फिल्टर म्हणे. गाडीत येणारी सगळी हवा यातून येते. तो फिल्टर मी बघितला आणि एक पाऊल मागे सरलो. राखाडी लोकरीसारखा गच्च भरलेला, मध्ये उंदराचे केस आणि एक वाळलेली पाल. ही पाल गाळून आलेली हवा मी आठ दिवस हुंगतोय. हात दोनदा साबणाने धुतले.

नवा फिल्टर टाकला. मिस्त्रीने काचा बंद करून बघितलं, म्हणाला, "आता हवेला जोर आलाय. बघा." सात अंश. पुन्हा त्याने तेच बटण दाबलेलं. या लोकांची खोडच आहे ती.

दुपारी हवा भरपूर आली, अगदी केस उडेपर्यंत. आणि थर्मामीटरवर एकोणीस. जोर वाढला आणि थंडी गेली. आगीतून फुफाट्यात. तिघांनी तीन गोष्टी केल्या आणि गाडी पहिल्यापेक्षा गरम.

केकचं काय झालं ते उद्या लिहीन. आज लिहायला बसवत नाही.

११ एप्रिल, मंगळवार

काल एक केक परत आला. आज दोन. हॉटेलच्या बाई म्हणाल्या, "हे असं रोज चालणार नाही हो. आणखी एकदा असं झालं तर मला दुसरीकडून घ्यावे लागतील." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

घरी आणले. हिने दोन्ही केक ओट्यावर ठेवले, चमच्याने क्रीम खरवडून बादलीत टाकलं, खालचा केक शेजारी वाटायला बाजूला काढला. पहाटे चारला उठून केलेलं काम. बादलीत ते गुलाबी पांढरं फेसाळ पडलेलं बघून मला ओकारी आली आणि मी गॅलरीत गेलो. हिला वाटलं मी रागावलो.

मागून येऊन म्हणाली, "टॅक्सीने पाठवून बघू या का दोन दिवस? तुम्हालाही जरा आराम."

मी म्हटलं, "म्हणजे घरात गाडी असून, मी असून, टॅक्सी?"

"केक उभे पोचायला हवेत. बाकी माझं काही म्हणणं नाही."

मला टोचलं ते. मी म्हटलं, दोन दिवसांत गाडी दुरुस्त करून दाखवतो.

१३ एप्रिल, गुरुवार

काल नशिबाने ढग होते, केक कसेबसे घेतले. आज पुन्हा ऊन, पण बाई सुट्टीवर होत्या म्हणून निभावलं. परतताना सरळ त्या जाड चष्म्याच्या मिस्त्रीकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो. म्हटलं, तुझ्याकडे सात आणि रस्त्यावर एकोणीस, हा काय खेळ आहे?

तो शांतपणे शेजारी येऊन बसला. म्हणाला, "तुम्ही रोज चालवता तशी चालवा." मी गाडी सुरू केली, एसी लावला, बाणाचं बटण बंद केलं आणि रस्त्याला लागलो. तो माझ्या बोटाकडे बघत होता. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाला, "हे बटण तुम्हीच बंद करता होय?"

"मग?"

"बाहेर बेचाळीस आहे. ती हवा क्षणाक्षणाला आत ओढून घेता, आणि एसीला म्हणता आठवर आण. बिचारा कुठवर पुरणार? आतली फिरू दिलीत तर तीच हवा गार होत होत आणखी गार होते. गाडीला काही झालेलं नाही साहेब. काखेत कळसा आणि गावाला वळसा." आणि त्याने बटण दाबलं.

मी त्याला अठ्ठावीस वर्षं सांगितली. बटाटे सांगितले. हमाल सांगितला. तो म्हणाला, "तिथं माल सहा महिने राहतो. इथं चाळीस मिनिटं. गुदमरायला लागलं तर दोन मिनिटं काच उघडा." त्याचे कपडे डिझेलने माखलेले, नखं काळी, आणि मला थंडीबद्दल शिकवतो. मी गाडी वळवली आणि त्याला गॅरेजवर सोडलं. परत येताना थर्मामीटरकडे बघितलं नाही. बटण बंद केलं.

त्याच्या हातून फिल्टर टाकताना काहीतरी बिघडलंय, ते झाकायला ही कहाणी. कंप्रेसरच कमजोर झाला असणार.

घरी आल्यावर हिने विचारलं, "काय म्हणाला मिस्त्री?"

"कंप्रेसर गेलाय."

"असं म्हणाला?"

"हो."

ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. पहाटे लवकर उठते, चेहरा ओढल्यासारखा दिसतो हल्ली. मग पुन्हा मैदा चाळायला लागली.

१४ एप्रिल, शुक्रवार

हे मला लिहायलाच हवं, नाहीतर मग वही ठेवायची कशाला.

हिने सहा खोकी माझ्या हातात दिली. शेवटचं देताना म्हणाली, "आज सहाही नीट पोचले तर फार बरं होईल." मी म्हटलं, बघू. गाडीत बसलो. बोट बटणापर्यंत गेलं. माझं स्वतःचं बोट मला दिसत होतं. आणि मी ते मागे घेतलं.

त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की तपासणी म्हणजे तपासणी, मध्येच बदल केला तर नोंद बिघडते. हे खोटं आहे. कसली तपासणी, मी थर्मामीटरसुद्धा काढला नाही. खरं असं की दाबलं असतं आणि आठ आलं असतं, तर आधीचे दहा दिवस केक कोणी बिघडवले, याचं उत्तर मला मिळालं असतं. ते मला नको होतं.

पुलावर गाड्या अडकल्या. अर्धा तास उन्हात उभा. मागून क्रीमचा आंबूस वास यायला लागला. तेव्हाही दाबता आलं असतं.

हॉटेलच्या बाईंनी पहिलं खोकं उघडलं, दुसरं उघडलं, तिसरं उघडलं नाही. म्हणाल्या, "उद्यापासून आणू नका. तुमच्या मिसेसना फोन करते मी." मी सहा खोकी परत गाडीत ठेवली. एक हातातून निसटलं, क्रीम माझ्या पँटवर, बुटात. तसाच घरी आलो. चिकट पायाने क्लच दाबताना मला सारखं वाटत होतं की हा पाय कापून टाकावा.

हिला फोन आधीच आला होता. ही रडली नाही. मी म्हटलं, "कंप्रेसर..." ही म्हणाली, "अहो, पाय धुवून घ्या आधी."

१५ एप्रिल, शनिवार

सकाळी हिने हॉटेलात जाऊन बाईंची गाठ घेतली. बसने गेली, मला सांगितलं नाही. नऊला परत आली आणि म्हणाली, आज एकदा बघते म्हणाल्यात. मग लेकीला हाताशी घेऊन सहा केक केले. स्वयंपाकघरात पाऊल ठेवायला मला जागा नव्हती, किंवा असेल, मी ठेवलं नाही.

सव्वादोनला हिने हात पुढे केला. "किल्ली द्या."

मी दिली. एकदा म्हणणार होतो की क्लचवरून पाय काढत जा. नाही म्हणालो. गॅलरीतून बघितलं. ही बसली, सीट पुढे ओढली, आरसा स्वतःकडे वळवला. काचा वर गेल्या. मग मान खाली घालून तिथे समोर काहीतरी दाबलं आणि गाडी निघाली. गचका दिलाच.

पुढचे दोन तास मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही. ही डायरी पहिल्या पानापासून वाचली. गॅसवाला, त्याचा पाव, ती पाल, मिस्त्रीची नखं, हॉटेलच्या बाईंचा रुमाल, बादलीतलं क्रीम. ज्याच्या त्याच्यावर नाक मुरडलंय. पानापानावर बटण मीच बंद करतोय, आणि ते मीच लिहून ठेवलंय, स्वच्छ अक्षरात. मला माझी किळस आली. दुसरा शब्द शोधून बघितला, मिळाला नाही.

साडेचारला ही आली. रिकामी खोकी घेऊन वर चढली, कपाळावर घाम, केस चिकटलेले. लेक धावत गेली.

"सहाच्या सहा," ही म्हणाली. "बाईंनी बोट लावून बघितलं, कडक होते. सोमवारपासून पुन्हा द्या म्हणाल्या. महिना पहिल्यापासून मोजणार."

लेकीने हिला मिठी मारली. मी दारात उभा होतो. लेक आत गेल्यावर मी म्हटलं, "कंप्रेसर ठीक आहे. ते बटणामुळे होत होतं. मला गुरुवारीच कळलं होतं."

"मलाही," ही म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. ही खुर्चीत बसली, चपला काढल्या.

"त्या दिवशी तुम्हाला यायला उशीर झाला म्हणून मी फिल्टरच्या बिलावरचा नंबर बघून मिस्त्रीला फोन केला होता. त्याने सगळं सांगितलं. मग तुम्ही आलात आणि कंप्रेसर म्हणालात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले." मग म्हणाली, "शुक्रवारी सकाळी लेक म्हणत होती, आई तू ने. मी तुमच्याच हातात दिले. म्हटलं, मला सांगायचं नसेल तर नसू दे. यांना आता माहीत झालंय, तर केक तरी नीट नेतील."

मी आत गेलो. पाणी आणून दिलं. ते पिऊन हिने भांडं माझ्या हातात परत दिलं आणि डोळे मिटून म्हणाली की सोमवारपासून मीच नेत जाईन, तुम्ही नको.